जॉन डिक्सन कारच्या बंद खोल्या: कुठून सुरुवात करावी, काय सोडावं

प्रश्न असा आहे: अगाथा ख्रिस्ती जवळजवळ सगळी वाचून झाली, आता जॉन डिक्सन कार वाच म्हणतात, हा कोण, त्याच्या ‘बंद खोल्यां’चं एवढं कौतुक का, आणि सुरुवात कोणत्या पुस्तकाने करू?

मी स्वतः कोडेवजा रहस्यकथा लिहितो, बहुतेक दिवाळी अंकांसाठी. त्यामुळे उत्तर वाचकापेक्षा कारागिराच्या अंगाने जाईल. ‘बंद खोली’ म्हणजे खून झालेली खोली आतून बंद, आणि खुनी बाहेर पडला कसा हेच कोडं. कारच्या कुठल्याही पुस्तकाची उकल इथे फोडणार नाही. घाईत असाल तर एवढंच लक्षात ठेवा: ‘द केस ऑफ द कॉन्स्टंट सुइसाइड्स’ आधी, ‘द हॉलो मॅन’ नंतर. बहुतेक याद्यांमध्ये हा क्रम उलटा असतो, आणि बरेच जण पहिल्याच पुस्तकात कारला रामराम ठोकतात.

कार जन्माने अमेरिकन. ३० नोव्हेंबर १९०६, पेनसिल्व्हेनियातलं युनियनटाउन. वडील वकील, १९१३ ते १९१५ अमेरिकन काँग्रेसचे सदस्य. हॅव्हरफर्ड कॉलेजात असताना तिथल्या मासिकात तो भरपूर लिहायचा, पुढे ते त्याने संपादितही केलं. मधला काही काळ पॅरिसमध्ये गेला. परतल्यावर त्याच मासिकात त्याने एक दीर्घकथा छापली, तिचं नाव ‘ग्रां गिन्योल’. पॅरिसमधल्या रक्तरंजित भयनाट्यांच्या प्रसिद्ध थिएटरचं हे नाव. तीच कथा वाढवून १९३० साली पहिली कादंबरी आली, ‘इट वॉक्स बाय नाइट’; नायक पॅरिसचा तपास-न्यायाधीश आंरी बँकोलँ. हार्पर या प्रकाशकाने कादंबरीची शेवटची पानं सीलबंद करून विकली. सील न फोडता पुस्तक परत आणलं तर पैसे परत! धंद्याची युक्ती होतीच, पण ती कारच्या लेखनाला चपखल बसली. शेवट वाचल्याशिवाय वाचक राहणार नाही, अशी पैज लावूनच तो आयुष्यभर लिहीत राहिला.

१९३२ साली क्लॅरिस क्लीव्ह्ज या इंग्रज तरुणीशी त्याचं लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत बिऱ्हाड इंग्लंडला गेलं. तिथे तो इंग्रजांहून इंग्रज झाला. त्याच्या कादंबऱ्यांतली धुकट लंडनं, पडके वाडे, टॅव्हर्न हे सगळं पुस्तकांतून इंग्लंडच्या प्रेमात पडलेल्या परक्या माणसाचं इंग्लंड आहे. १९३३च्या ‘हॅग्ज नूक’मध्ये डॉक्टर गिडियन फेल पहिल्यांदा दिसतो. अवाढव्य देह, दोन काठ्या, अंगावर केप, काळ्या फितीला अडकवलेला चष्मा. हे रूप थेट जी. के. चेस्टर्टनवरून उचललेलं. चेस्टर्टन हा इंग्रज रहस्यकथाकार कारचा आदर्श आणि रहस्यलेखकांच्या लंडनमधल्या डिटेक्शन क्लबचा पहिला अध्यक्ष. १९३६ साली कारला क्लबचं सदस्यत्व मिळालं. इंग्रज लेखकांच्या त्या मंडळात एका अमेरिकन माणसाला घेणं ही मोठीच गोष्ट होती. चेस्टर्टन त्याच वर्षीच्या जूनमध्ये गेला.

दुसरा नायक सर हेन्री मेरिव्हेल, म्हणजे एच. एम. टकल्या, ढेरपोट्या, तोंडाळ. डॉक्टरही आणि बॅरिस्टरही. त्याच्या कादंबऱ्या कार्टर डिक्सन या टोपणनावाने आल्या, कारण कार इतका लिहायचा की एका प्रकाशकाला ते पेलणारं नव्हतं. १९३४ या एका वर्षात त्याची पाच पुस्तकं निघाली, तीन वेगवेगळ्या नावांनी. फेलच्या एकूण २३ कादंबऱ्या, मेरिव्हेलच्या २२, बँकोलँच्या पाच. ऐतिहासिक कादंबऱ्या, लघुकथा आणि रेडिओनाट्यं वेगळीच. एवढ्या ढिगात कचरा नसेल तरच नवल. त्याकडे नंतर येऊ.

आता मुद्द्याचं. बंद खोलीचं रहस्य कारने शोधलेलं नाही. १८४१ सालच्या एडगर अॅलन पोच्या कथेपासून ते आहे. इझ्राएल झँगविलने १८९१-९२मध्ये त्यावर अख्खी कादंबरी बेतली, गास्ताँ लरूची ‘पिवळ्या खोली’ची कादंबरी १९०७च्या सुमाराची, चेस्टर्टनच्या फादर ब्राउन या धर्मगुरू-गुप्तहेराचं पहिलं पुस्तक १९११चं. कारने केलं ते असं, की हा एक प्रसंग घेऊन त्याने सगळी कारकीर्द उभी केली आणि त्याचं शास्त्रही मांडलं. ‘द हॉलो मॅन’च्या (१९३५) सतराव्या प्रकरणात डॉक्टर फेल जेवणानंतर तपास बाजूला ठेवून बंद खोल्यांवर चक्क व्याख्यान देतो. आपण एका रहस्यकथेतली पात्रं आहोत, वाचकापासून ते लपवायचं कशाला, असंही सुनावतो. मग प्रकार सांगत जातो. खून झालाच नाही, अपघातांची साखळी खुनासारखी दिसली. बळीला स्वतःच्या हाताने मरायला भाग पाडलं. खोलीत आधीच लावून ठेवलेलं यंत्र. खून वाटावा अशी आत्महत्या. आत झालासा वाटणारा पण बाहेरून केलेला खून. सोंग आणि भास. गुप्त दरवाजे आणि भुयारं तो सुरुवातीलाच हद्दपार करतो. ती लबाडी, तिच्याशी आपला संबंध नाही.

त्यानंतर दाराच्या करामतींची यादी आहे: किल्ली बाहेरून फिरवणं, बिजागऱ्या काढणं, दोऱ्याने बोल्ट सरकवणं. वाचक इथे डोळे मोठे करून वाचतात, पण माझ्या दृष्टीने यादीतली सगळ्यात साधी युक्ती सगळ्यात महत्त्वाची आहे. खुनी दार बाहेरून कुलूपबंद करतो, किल्ली खिशात टाकतो. पुढे सगळ्यांसोबत दारापाशी येतो, काच फोडतो, फटीतून हात आत घालतो, आणि मुठीत लपवलेली किल्ली आतल्या बाजूला ‘सापडते’. कुलपाला काही झालेलं नाही, दोरा नाही, सुई नाही. चार साक्षीदार शपथेवर सांगतात की दार आतून बंद होतं, आणि चौघांपैकी एकही खोटं बोलत नसतो.

कारचं मर्म इथे आहे. ‘दहा वाजता, या खोलीत, अमुक माणूस होता’ असं साक्षीदार सांगतो तेव्हा त्याने प्रत्यक्ष पाहिलेलं त्यात थोडं असतं, गृहीत धरलेलं बरंच असतं. कार त्या वाक्यातल्या एखाद्या शब्दाला धक्का देतो, वेळेला, जागेला किंवा माणसाला, आणि वाचक मात्र कडी-कोयंडा तपासत बसतो. ‘खुनी बाहेर कसा पडला?’ हा प्रश्न तो इतक्या जोरात विचारतो, की तोच मुळी चुकीचा प्रश्न असू शकतो हे आपल्या डोक्यात येतच नाही. म्हणून कार वाचताना दाराकडे फार बघू नका. कोण काय पाहिलं म्हणतंय आणि त्याने खरंच काय पाहिलं, एवढ्यावर बोट ठेवा. तरीही फसालच.

याचा सर्वात नितळ नमुना ‘द ब्लॅक स्पेक्टॅकल्स’ (१९३९). यात बंद खोली नाहीच. एका इंग्लिश गावात दुकानातल्या चॉकलेटांत विष कालवलं गेलं आहे. मार्कस चेस्नी नावाच्या हेकट, श्रीमंत गृहस्थाचं ठाम मत असं, की माणसांना डोळ्यांसमोरचंही दिसत नाही. ते सिद्ध करायला तो घरातच एक छोटं नाटक बसवतो, तीन जणांना समोर बसवतो आणि नंतर विचारायला दहा प्रश्नांची यादी तयार ठेवतो. कॅमेऱ्यात चित्रीकरणही चालू. प्रयोगात टोपी आणि काळा चष्मा घातलेली एक गुंडाळलेली आकृती येते, चेस्नीच्या तोंडात एक कॅप्सूल कोंबते आणि निघून जाते. कॅप्सूलमध्ये खरंच विष असतं. खून सगळ्यांदेखत झाला, फिल्मवर आहे, आणि तरी दहा साध्या प्रश्नांवर तीन साक्षीदारांचं एकमत होत नाही. रहस्यकथा लिहू पाहणाऱ्याने हे पुस्तक दोनदा वाचावं: एकदा फसायला, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. प्रत्येक सुगावा उघड्यावर ठेवलेला सापडेल.

वाचकाशी प्रामाणिक राहणं हे कारचं व्रत होतं. एकाच सुगाव्यावर भिस्त ठेवू नये, सुगाव्यांची शिडी हवी, पुराव्यांची जुळणी हवी, असं त्याने रहस्यकथेवरच्या आपल्या दीर्घ निबंधात सांगितलं आहे. ‘द हॉलो मॅन’च्या पहिल्याच प्रकरणात त्याने याची कमाल केली. प्रोफेसर ग्रिमॉच्या घरात एक मुखवटाधारी पाहुणा अभ्यासिकेत शिरतो, गोळीचा आवाज येतो, दार फोडल्यावर आत फक्त मरणासन्न प्रोफेसर. खिडकीखालचं बर्फ कोरं. त्याच रात्री कॅग्लिओस्ट्रो स्ट्रीटवर रस्त्याच्या मधोमध एक माणूस अगदी जवळून झाडलेल्या गोळीने पडतो. आसपास कुणी नाही, बर्फात पाऊलखुणा नाहीत. आणि निवेदक सुरुवातीलाच नावं घेऊन सांगतो, की घरातला हा साक्षीदार आणि रस्त्यावरचे हे तिघं तंतोतंत खरं बोलताहेत. चोराने मालकाला ‘कुठली कपाटं तपासायची नाहीत’ हे आधीच सांगून टाकावं, असा हा प्रकार. हा उद्दामपणा ख्रिस्तीही सहसा करत नाही.

मग भुतंखेतं कशाला? कारच्या कादंबऱ्यांत प्लेगचं भूत आहे, चेटकिणी आहेत, रक्तपिपासू स्त्रीची कुजबुज आहे, थडग्यातून नाहीसं झालेलं प्रेत आहे. शेवटच्या पानांत सगळ्याचा ताळेबंद माणसाच्या हातच्या गोष्टींशी लागतो. पुष्कळांना हा मसाला वाटतो. मला ते अवजार वाटतं. घाबरलेला माणूस मोजत नाही. पाहुणा आत शिरला तेव्हा दिवा कुठल्या बाजूला होता, घड्याळात किती वाजले होते, हे वाक्य कार अशा जागी ठेवतो जिथे तुमच्या मानेवर काटा उभा असतो. तुम्ही ते वाचता, पण नोंदवत नाही. ‘द प्लेग कोर्ट मर्डर्स’ (१९३४) उघडा: आवारातलं दगडी खोपटं, आत प्लॅन्चेटवाला बुवा, दार बंद, भोवती कोरा चिखल, आणि जुन्या फाशी देणाऱ्याच्या मदतनिसाचं भूत फिरतंय अशी वदंता. भूत काढून टाका, कोडं तेच राहील, पण चाणाक्ष वाचकाला ते निम्म्यात सुटेल.

ही विद्या त्याने रेडिओवर आणखी धारदार केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो अमेरिकेत सीबीएसच्या ‘सस्पेन्स’ मालिकेसाठी आणि इंग्लंडमध्ये बीबीसीसाठी लिहीत होता. १९४३ला बीबीसीवर ‘अपॉइंटमेंट विथ फिअर’ सुरू झाली, काळ्या वेशातल्या निवेदकाच्या आवाजात. त्याच वर्षीचं ‘केबिन बी-१३’ हे नाट्य अजून ऐकायला मिळतं: नवविवाहित स्त्री नवऱ्यासोबत बोटीवर चढते, थोड्या वेळात नवरा गायब, आणि बोटीवरचे लोक म्हणतात, तुम्ही एकट्याच आलात, बी-१३ नावाची केबिन या बोटीवर नाहीच. रेडिओत श्रोत्याला डोळे नसतात, तो पात्राच्या कानावर विसंबून असतो, आणि कारला नेमकं हेच हवं होतं. श्राव्य कथा लिहिणाऱ्या आजच्या मुलामुलींना मी कादंबऱ्यांच्या आधी हे नाट्य ऐकायला सांगतो.

आता उणी बाजू. ‘द हॉलो मॅन’ला १९८१ साली रहस्यकथाकार एडवर्ड होक यांनी लेखक-समीक्षकांकडून घेतलेल्या कौलात बंद खोलीची सर्वोत्तम कादंबरी ठरवलं, पण तिची उकल गुंतागुंतीची आहे आणि योगायोगाचा हातभार तिला जरा जास्तच लागतो. वाचून झाल्यावर कागदावर नकाशा आणि वेळापत्रक मांडावं लागतं. सरावलेल्या वाचकाला त्यात आनंद आहे, नवख्याला शिक्षा. शिवाय त्या व्याख्यानात काही जुन्या कथांचं गुपित उघडं पडतं. झँगविलची कादंबरी वाचायची असेल तर ती आधी उरका. कारच्या तरुण नायिका बहुतेक एकाच साच्यातल्या: चिडक्या, देखण्या, तिसऱ्या प्रकरणात प्रेमात. पात्राने ‘मला एक सांगायचंय’ म्हणावं आणि नेमकी तेव्हाच किंकाळी ऐकू यावी, ही खोड त्याला शेवटपर्यंत सुटली नाही. मेरिव्हेलचा विनोद आधी रंगतदार, पुढे निव्वळ धुळवड. डॉक्टर फेलने तर व्याख्यानातच कबूल केलं आहे, की परिणाम इतका जादूसारखा असतो की कारणही जादूचंच असावं असं आपण धरून बसतो, आणि ते तसं नाही हे कळलं की चिडतो. ही चिडचिड कार वाचताना तुमचीही होईल. होऊ द्या.

वाचायचा क्रम मी असा देईन. आधी ‘द केस ऑफ द कॉन्स्टंट सुइसाइड्स’ (१९४१). युद्धकाळातली रात्रीची आगगाडी, एकाच डब्यात अडकलेले दोन भांडखोर इतिहास-प्राध्यापक, स्कॉटलंडमधला मनोरा, त्याच्या बंद खोलीतून खाली पडून झालेले मृत्यू, विम्याचा घोळ आणि भरपूर व्हिस्की. छोटी, हसरी, आणि सुगावे चोख. मग ‘द जुडास विंडो’ (१९३८): तरुण जेम्स अॅन्सवेल भावी सासऱ्याला भेटायला येतो, व्हिस्कीचा पेला घेतो, शुद्ध हरपते; जाग येते तेव्हा दार आतून बोल्ट लावलेलं आणि सासऱ्याच्या छातीत बाण. बहुतेक कादंबरी ओल्ड बेलीच्या कोर्टात घडते. जगातल्या प्रत्येक खोलीला एक ‘जुडास खिडकी’ असते आणि खुनी तिच्यातूनच आला, असा दावा मेरिव्हेल करतो. तुम्ही वाचता त्या खोलीलाही ती आहे. मला विचाराल तर शुद्ध बंद खोलीत याच्या तोडीचं त्याने दुसरं लिहिलं नाही, ‘हॉलो मॅन’ धरून.

तिसरं ‘ही हू व्हिस्पर्स’ (१९४६). युद्ध नुकतंच संपलेलं थकलेलं लंडन, फ्रान्समधल्या मनोऱ्याच्या माथ्यावर घडलेला जुना खून, आणि फे सीटन, जिच्याबद्दल गाव काहीबाही कुजबुजतं. कारला माणसं रंगवता येत नाहीत म्हणणाऱ्याच्या हातात मी हे पुस्तक ठेवतो. फेच्या बाबतीत उकल कळल्यावर कोडं सुटल्याच्या समाधानापेक्षा हळहळ जास्त वाटते, आणि कारमध्ये हे दुर्मीळ आहे. त्यानंतर ‘द ब्लॅक स्पेक्टॅकल्स’, मग ‘द हॉलो मॅन’. ‘द बर्निंग कोर्ट’ (१९३७) सगळ्यात शेवटी. तिच्या उपसंहारावरून वाचक अजून भांडतात, आणि कारचे नियम अंगवळणी पडल्याशिवाय ते भांडण कळत नाही.

पुढचं आयुष्य थोडक्यात. युद्धानंतर मजूर पक्षाचं सरकार आल्यावर हा कट्टर परंपरावादी माणूस वैतागून १९४८ साली अमेरिकेला परतला. १९५१ला हुजूर पक्ष सत्तेवर आला आणि हाही पुन्हा इंग्लंडात. मधल्या काळात १९४९ला त्याचं आर्थर कॉनन डॉयलचं चरित्र आलं, डॉयल कुटुंबाच्या कागदपत्रांवर आधारलेलं. पन्नाशीच्या दशकात त्याचं मन ऐतिहासिक कादंबऱ्यांत रमलं, कारण भोवतालचं जग त्याला आवडेनासं झालं होतं. तलवारी, बग्ग्या आणि खून अशी ती मिसळ ‘द डेव्हिल इन व्हेल्व्हेट’मध्ये (१९५१) झकास जमली आहे: केंब्रिजचा एक प्राध्यापक सैतानाशी सौदा करून १९२५मधून थेट १६७५मध्ये जातो. १९६३ला अमेरिकन रहस्यलेखकांच्या संघटनेने त्याला ग्रँड मास्टर केलं आणि त्याच वर्षी पक्षाघाताने डावी बाजू गेली. उरलेल्या हाताने तो टाइप करत राहिला. साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलला स्थायिक होऊन एलरी क्वीनच्या रहस्यकथा-मासिकात परीक्षणांचं सदर लिहिलं. २७ फेब्रुवारी १९७७ला कर्करोगाने गेला. शेवटची कादंबरी १९७२ची. साठीच्या दशकानंतरच्या कादंबऱ्या सरसकट सोडल्यात तरी चालेल.

त्याचा वारसा सर्वात जोमाने रुजला जपानमध्ये. सेइशी योकोमिझोच्या १९४६च्या ‘होन्जिन’ रहस्यात निवेदक बंद खोलीच्या परदेशी कादंबऱ्यांची आठवण काढतो, त्यात कार आहे; आणि मग जपानी घर, कागदी सरकती दारं, बर्फ यांतून स्वतःचं कोडं उभं करतो. मराठीत हा धागा बारीकच राहिला. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर वाढलेल्या आपल्या वाचकाला साहस आणि वेग यांची सवय; लेखकाशी बरोबरीने डोकं लढवण्याची रहस्यकथा आपल्याकडे तुरळक. आमच्यातले काही जण कारण देतात, की इथे बर्फ पडत नाही, बंगले तसे नाहीत. मला ते पटत नाही. कारने स्वतः बर्फाशिवाय किती जागा वापरल्या बघा: ‘प्लेग कोर्ट’मध्ये चिखल, ‘द प्रॉब्लेम ऑफ द वायर केज’मध्ये (१९३९) पावसाने भिजलेलं टेनिस कोर्ट, ‘द विच ऑफ द लो टाइड’मध्ये (१९६१) ओहोटीची वाळू. चिखल आणि ओहोटी आपल्याकडे कमी आहे का? ताजं सारवलेलं अंगण तर बर्फापेक्षा वरचढ, कारण ते कधी सारवलं हे घरातली बाई मिनिटाच्या हिशोबाने सांगू शकते, आणि तिच्यावर सगळे विश्वास ठेवतात.

पुस्तकं मिळवताना एक काळजी घ्या. ब्रिटिश लायब्ररीच्या जुन्या रहस्यकथांच्या मालिकेत कारच्या बऱ्याच कादंबऱ्या पुन्हा आल्या आहेत, ई-बुकंही मिळतात. पण इंग्लंड आणि अमेरिकेत अनेकदा नावं वेगळी होती: ‘द हॉलो मॅन’ आणि ‘द थ्री कॉफिन्स’ एकच, ‘द ब्लॅक स्पेक्टॅकल्स’ आणि ‘द प्रॉब्लेम ऑफ द ग्रीन कॅप्सूल’ एकच. कार आणि कार्टर डिक्सन हा एकच माणूस, हे दुकानदाराला माहीत असेलच असं नाही, त्यामुळे दोन्ही नावांनी शोधा. आणि प्रस्तावना शेवटी वाचा.